ट्रंकेच्या झाकणातली पलटण

जिजीची, म्हणजे माझ्या आजीची, ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा आणि जुन्या लुगड्यांचा वास यायचा, आणि मग पलटण दिसायची. झाकणाच्या आतल्या अंगाला चित्रं चिकटवलेली होती. सहा ओळी, एकेका ओळीत सात. लाल डगल्यातले गोरे सोजीर, भाला उभा धरलेला फेटेवाला स्वार, धूर सोडणारी इंजिनं, आपल्याकडं कधी न दिसलेले पक्षी आणि फुलं. मधोमध कमळावर उभी लक्ष्मी. ती कापडाच्या ताग्यावरची, म्हणून चार चित्रांची जागा अडवून उभी. बाकीची सगळी सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली.

आणि त्या घरात सिगारेट कुणीच ओढत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझ्या आईचे वडील, तंबाखू मळायचे, तीही जिजीची पाठ वळली की.

चौथ्या ओळीत एक जागा रिकामी होती. तिच्याबद्दल पुढं सांगते.

आजोळ भिंगारला, नगरच्या लष्करी छावणीला खेटून. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. पण अण्णांच्या गोष्टींतलं गाव नगरच होतं, तेव्हा इथंही ते तसंच राहू दे. पणजोबांचा पलटणीत दुधाचा रतीब होता. अण्णा आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर माप धरायला त्यांच्याबरोबर जाऊ लागले. म्हणजे १९२९-३० चा सुमार. नगरला तेव्हा रॉयल टँक कोअरचं शिक्षणकेंद्र येऊन थोडी वर्षं झाली होती आणि छावणीत घोड्यांच्या लिदीबरोबर पेट्रोलचाही वास सुटलेला असे. सोजीर बराकीच्या पायऱ्यांवर बसून पहिली सिगारेट पेटवायचे, नवं पाकीट फोडलं की आतला चित्राचा पुठ्ठा पोरांच्या दिशेनं भिरकावायचे. ‘पिच्चर, साहेब!’ एवढं इंग्रजी आपल्याला बाराखडीच्या आधी आलं, असं अण्णा छाती काढून सांगत.

पाकिटात चित्र कशाला, यावर अण्णांचं स्वतःचं उत्तर होतं. गोऱ्यांना घरची आठवण येऊन त्यांनी पळून जाऊ नये म्हणून कंपनी त्यांना विलायतेची चित्रं पाठवते. लहानपणी मला ते पटलं होतं. खरी हकीकत अधिक व्यापारी आहे. सुरुवातीची पाकिटं मऊ कागदाची असत, खिशात दबली की आतल्या सिगारेटी वाकत आणि मोडत. म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. १८७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या कंपन्यांच्या लक्षात आलं की तुकडा घालायचाच आहे तर तो कोरा का ठेवा? त्यावर नट्या आल्या, पहिलवान आले, बेसबॉलवाले आले. इंग्लंडात विल्स कंपनीनं १८८७ मध्ये जाहिरातीचे पुठ्ठे घालायला सुरुवात केली. १८९३ मध्ये जॉन प्लेअरनं किल्ल्यांचा आणि मठांचा संच काढला, १८९५ मध्ये विल्सनं जहाजांचा आणि खलाशांचा, १८९६ मध्ये क्रिकेटपटूंचा. विसावं शतक उजाडताना आपल्या रणजींचा चेहराही इंग्रजांच्या पाकिटातून बाहेर पडत होता.

खरी हुशारी पाठीमागच्या बाजूला होती. तिथं माहितीच्या चार ओळी आणि एक आकडा. संच बहुधा ५० चा, कधी २५ चा. हातात २३ क्रमांक आला की उरलेले ४९ डोळ्यांपुढं नाचणार. मग बापाला छाप बदलायची सोय नाही, कारण पोरगा बदलू देणार नाही. दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला गाठून चित्र मागणारी पोरं लंडनमध्येही होती आणि भिंगारमध्येही. फरक एवढाच की लंडनच्या पोराला संच पुरा करायची आशा होती. एक पेनी टाकली की चित्रं लावायची वहीसुद्धा मिळे. अण्णांना सोजिराच्या हातून जे सुटेल ते. इंजिनांच्या संचातली चार, पक्ष्यांतली तीन, फुलांतलं एक. म्हणून त्यांनी आकडे सोडून दिले आणि चित्रांची आपली आपण वाटणी केली: चालणारं, उडणारं, लढणारं आणि ‘बिनकामाचं’. फुलं बिनकामाची.

इंग्रजी ते या पाठीमागच्या ओळींवरच शिकले. ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द त्यांना शाळेत जायच्या आधीपासून येत होता. ‘मदर’ नंतर आला. म्हातारपणीही ते इंग्रजी असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला फक्त यंत्रांची वजनं आणि पलटणींचे गणवेश यांवरच बोलायचं आहे.

झाकणातला फेटेवाला स्वार मात्र सोजिराकडून आलेला नव्हता. तो एका म्हाताऱ्या खानसाम्यानं दिला होता, आणि तो ‘कैची’चा होता. विल्सची सिझर्स ही सिगारेट हिंदुस्थानातल्या बाजारासाठी होती. पलटणीत ती फार चाले, आणि तिच्यातून पहिल्या महायुद्धाच्या आधी हिंदुस्थानी पलटणींच्या चित्रांचा संच निघाला होता. १९१० मध्ये इंपीरियल टोबॅको कंपनीनं कलकत्त्यात दुकान मांडलं, तीच पुढची आयटीसी. तिच्या अर्ध्याअधिक गिऱ्हाइकांना ‘सिझर्स’ म्हणता येत नव्हतं, पण पाकिटावरची कात्री कुणालाही दिसत होती. ते कैची म्हणाले, संपलं.

१९३० साली या सगळ्या पलटणीवर बालंट आलं. अण्णांचे थोरले भाऊ मिठाच्या सत्याग्रहाच्या वाऱ्यानं भारून गेले होते. खादी, प्रभातफेऱ्या, विलायती मालाची होळी. एका संध्याकाळी त्यांनी घरातलं विलायती म्हणून काय काय बाहेर काढलं: एक टोपी, पणजीच्या पेटीतलं मखमली कापड, आणि अण्णांचा चित्रं ठेवायचा बिस्किटांचा डबा. अण्णा रडून लाल झाले. पणजी चुलीपाशी काही न बोलता बसून होती. होळी पेटायच्या वेळी डबा सापडेना. चार दिवसांनी ज्वारी काढताना तो कणगीतून निघाला. पणजीनं मान वर न करता म्हटलं, ‘उंदरांनी नेला आसंल.’ ही गोष्ट मी अण्णांकडून आणि थोरल्या आजोबांकडून, दोघांकडून ऐकली आहे. थोरल्यांच्या गोष्टीत डबा होळीत पडतो आणि जळतो. ट्रंकेचं झाकण समोर असतानाही ते तसंच सांगत.

त्या चळवळीनं बिडीचं भाग्य उजळलं, हे अण्णा सांगत त्याला मात्र इतिहासाची साक्ष आहे. विलायती सिगारेट सोडलेल्यांनी तंबाखू थोडीच सोडली? ते बिडीकडं वळले. नगरात तोफखान्याच्या बाजूला तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं होती, आहेत. पुरुष मागावर, बायका बिडीवर. माझ्या लहानपणी त्या आळीतून जाताना प्रत्येक ओट्यावर सूप दिसे, सुपात ओली पानं आणि तंबाखू, बाजूला कात्री आणि मापाला पत्र्याचा तुकडा. बोटं इतकी झरझर चालत की बघणाऱ्याला वाटावं बिडी आधीच वळलेली होती, बाईनं फक्त दोरा गुंडाळला. मजुरी हजारावर. तळहाताला लागलेला वास साबणानं जात नसे. विडी कामगारांसाठी कायदा झाला तो १९६६ मध्ये. तोवर यातल्या कितीतरी बायकांच्या दोन पिढ्या सुपापुढं बसून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

बिडीच्या कट्ट्यातून चित्र निघत नसे. चित्र बाहेर, लेबलावर. मालकाचा टोपीतला फोटो, वाघ, घोडा, नुसता एखादा आकडा. मला वाटतं, आपल्याकडं चित्र पाकिटाच्या आत रुजलं नाही त्याचं कारण हेच. आपण मालाला नाव विचारत नाही, छाप विचारतो. घोडाछाप काडेपेटी, गायछाप जर्दा. ही गाय आमच्याच जिल्ह्याची बरं का, संगमनेरच्या मालपाण्यांच्या घरची. कोकणातला कोळी आणि विदर्भातला ट्रकवाला दोघंही तिला चुना लावून तळहातावर मळतात. वाचता न येणाऱ्या माणसाला चित्र हाच करार. गाय असली की माल खरा. अशा बाजारात चित्र आत दडवून ठेवणं आणि तेही दर पाकिटाला बदलणं म्हणजे दुकानाच्या पाटीवर रोज वेगळं नाव लिहिण्यासारखं.

आता त्या रिकाम्या जागेकडं येते.

अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे तिथं वेलस्लीसाहेब होता. पांढऱ्या घोड्यावर, लाल कोटात, आणि मागं, अण्णा इथं आवाज खाली आणत, मागं आपला किल्ला. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीनं नगर घेतलं. ८ तारखेला पेठेच्या तटाला शिड्या लावल्या, १२ ला किल्ला पडला. पेशव्यांच्या बाजूच्या एका गोखल्यांनी तेव्हा म्हणे अचंब्यानं लिहून कळवलं की हे लोक सकाळी आले, भिंत बघितली, चढून पलीकडं गेले, कापाकापी केली आणि न्याहारीला परत. किल्ल्याबाहेर चिंचेखाली साहेबानं जेवण घेतलं, तीही जागा दाखवतात. तिथं तोफा उभ्या करून ठेवल्या आहेत. अण्णांनी मला तिथं नेलं होतं. एका तोफेवर हात ठेवून ते म्हणाले होते, ‘चित्रात हीच तोफ होती.’

मग हे चित्र गेलं कुठं? तर खानसाम्याच्या पोरानं जिंकून नेलं. जमिनीवर रिंगण आखायचं, मध्ये चित्रं ठेवायची, लांबून चपटा दगड मारून ती रिंगणाबाहेर काढायची. अण्णांनी चार इंजिनांच्या बदल्यात वेलस्ली लावला आणि हरले. पंचाहत्तरीतही ही हार त्यांना झोंबत होती.

पुढं पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं की विल्सनं वॉटर्लूच्या लढाईवर ५० चित्रांचा एक संच खरोखरच केला होता. नेपोलियनला हरवलं १८१५ मध्ये, म्हणून १९१५ च्या शताब्दीला तो बाजारात आणायचा बेत. चित्रं छापून तयार. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ज्या फ्रेंचांना हरवल्याची ही चित्रं, ते आता त्याच खंदकांत खांद्याला खांदा लावून लढत होते. संच गुपचूप बाजूला ठेवला गेला, पाकिटात घातलाच नाही. त्यातून थोडी चित्रं तेवढी बाहेर निसटली. नगर घेणारा वेलस्ली तोच वॉटर्लूचा वेलिंग्टन. ते वाचून मला आधी आनंद झाला आणि मग हसू आलं. भिंगारच्या दूधवाल्याच्या पोराकडं न वाटलेल्या संचातलं चित्र? वेलिंग्टन इतर कुठल्या संचातून आला असेल म्हणावं, तर त्याच्यामागं नगरचा किल्ला कोण काढील? विल्सच्या चित्रकाराला नगर कुठं आहे हे सांगायला अण्णा तर ब्रिस्टलला गेले नव्हते.

अण्णांची दुसरी लाडकी गोष्ट १९४२ ची. ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले बडे पुढारी किल्ल्यात आणून ठेवले. सरकारनं ठिकाण गुप्त ठेवलं होतं, पण नगरात कुणापासून काही गुप्त राहतं का, असं अण्णांचं म्हणणं. आतल्या पुढाऱ्यांसाठी कापडबाजारातून सिगारेटी जात आणि पाकिटातल्या चित्राच्या पाठीवर बारीक अक्षरात बाहेरचे निरोप लिहिलेले असत. असा एक निरोप अण्णांच्या मित्रानं स्वतः लिहिला. मौलाना आझादांना सिगारेटचा षोक होता हे खरं. किल्ल्यातून लिहिलेल्या आणि कधीच टपालात न पडलेल्या त्यांच्या पत्रांचं पुस्तक, ‘गुबार-ए-खातिर’, १९४६ मध्ये निघालं. त्यात चिनी चहाच्या प्रेमाबद्दल लिहिताना चहाचा घोट आणि सिगारेटचा झुरका यांची जोडी त्यांनी अशी जमवली आहे की सिगारेट न ओढणाऱ्यालाही तल्लफ यावी. पण अण्णांच्या निरोपाला एक अडचण आहे. १९४० मध्येच ब्रिटनमध्ये कागदाच्या टंचाईमुळं सरकारनं पाकिटात चित्रं घालणं बंद करायला लावलं. १९४२ मध्ये निरोप लिहायला चित्र कुठून आणणार?

मी हे अण्णांना एकदा विचारलं. ते थोडा वेळ अडकित्त्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, ‘जुनी शिल्लक आसंल दुकानदाराकडं.’

चित्रं आटली त्याच सुमारास अण्णांचं लग्न झालं. जिजी पारनेरकडच्या खेड्यातून आली ती ही ट्रंक घेऊन. नवीच, काळ्या रंगाची, झाकणावर पितळी कडी. घरात दोघांना बोलायला फुरसत नव्हती आणि धीटपणाही नव्हता. एका रात्री अण्णांनी बिस्किटांचा डबा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, ‘लाव तुला पायजे तिथं.’ माझ्या माहितीत अण्णांनी जिजीला दिलेली ही एकमेव भेट. तिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि दुपारभर बसून पलटण लावली. आकड्यांचा, देशांचा, युद्धांचा काही हिशोब नाही. ज्यात लाल रंग आहे ती चित्रं कडेनं, हिरवी मध्ये. भरतकामाचा नमुना असावा तशी.

माझ्या वाट्याला चित्रांऐवजी नुसती पाकिटं आली. १९७५ च्या आसपास नगरात पोरांचं चलन म्हणजे सिगारेटचं रिकामं पाकीट. दर्शनी बाजू फाडून घ्यायची, चापून सरळ करायची. चारमिनारला कवडीचा भाव, कारण ती गल्लोगल्ली पडलेली. पनामा, पासिंग शो त्याच्या वर. पासिंग शोवरच्या उंच टोपीवाल्या साहेबाला आम्ही जादूगार समजायचो. कॅपस्टन, गोल्डफ्लेक म्हणजे श्रीमंती. आणि कुणाकडं ५५५ असेल तर तो पोरगा त्या आठवड्याचा सावकार. खेळ तोच, रिंगण आणि चपटा दगड. माळीवाड्याचा बसस्टँड ही आमची खाण. लांब पल्ल्याच्या गाड्या लागल्या की भाऊ फलाटावरून पाकिटं वेचून आणायचा. मला मनाई. ‘पोरीच्या जातीनं उकिरड्यावरची पाकिटं उचलायची?’ असं आई म्हणायची. मी काड्यापेट्यांच्या छापांवर समाधान मानलं. अंबरनाथच्या विमकोची चित्रं ठरलेली. शिवकाशीच्या पेट्यांवर मात्र रोज नवा प्राणी, नवी नटी, नवं फळ. ती मी वहीत चिकटवली. जिजीला दाखवली तर तिनं पहिलं विचारलं, ‘खळ कशाची केली?’

पुढं भाच्याच्या वेळी बिगफन बबलगम आलं. त्यातल्या क्रिकेटवाल्या कागदांवर धावा आणि विकेटी. त्या जमवायच्या आणि दुकानदाराकडून पानं फडफडवली की चेंडू टाकणारा खेळाडू दिसेल अशी छोटी पुस्तिका घ्यायची. सिगारेट गेली, च्युइंगम आलं, पोरांचा हिशोब तोच. अमेरिकेत १९०९ पासून निघालेल्या एका सिगारेट-संचातलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं चित्र २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. हे ऐकून भाचा जिजीच्या ट्रंकेकडं वेगळ्याच नजरेनं बघू लागला. त्याला म्हटलं, लक्ष्मीसकट घे, मग बघू कोण देतं.

आणि आता पाकिटावर पुन्हा चित्र आहे. २००९ पासून सरकारी हुकमानं, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापून. सडलेला गळा, कुरतडलेला जबडा. पानाच्या टपरीवरची गिऱ्हाइकं त्यातल्या त्यात सौम्य चित्राचं पाकीट मागून घेतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. माळीवाड्याच्या स्टँडवर ती पाकिटं आजही पडलेली असतात. ती कुणी वेचत नाही.

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी जिजीनं ट्रंक माझ्याकडं दिली. मला तेव्हा एकच खूळ होतं, चित्रांचे आकडे आणि संच शोधायचे. पण आकडे पाठीवर आणि पाठ पत्र्याला. ओल्या फडक्यानं एका इंजिनाचा कोपरा भिजवून पाहिला. रंग सुटायला लागला तसा हात काढून घेतला. जिजी खाटेवरून बघत होती.

मग मी चौथ्या ओळीतल्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिथला पत्रा आजूबाजूपेक्षा काळा होता, चकचकीत. त्यावर कधी काही चिकटलं होतं असं वाटत नव्हतं.

‘जिजी, इथला वेलस्लीसाहेब खानसाम्याच्या पोरानं नेला ना?’

‘कोन साहेब?’ ती म्हणाली. ‘आगं, ही चित्रं मी लावली. त्यो ढेकळा मारायचा खेळ त्याच्या आदीच कवा संपला. तितं काई नव्हतंच. माजी खळ सरली व्हती.’

‘मग दुसऱ्या दिवशी लावायचं. एखादं चित्र उरलं असेल ना?’

‘उरलं व्हतं की. फुलाचं. त्ये म्हनले, बिनकामाचं हाय, ऱ्हाऊ दे.’